देवाला शंभरदा सांगितलं, माणसांना एकदाही नाही

प्रश्न : मी ख्रिस्ती मंडळीतच (चर्चमध्येच) लहानाचा मोठा झालो. तरुण संघाचा खजिनदार असताना दोन वर्षांत थोडेथोडे करून ६८,००० काढले आणि ऑनलाइन सट्ट्यात घालवले. हिशेब जुळेना तेव्हा संशय संघाच्या वयस्कर सचिवांवर गेला. त्यांनी पद सोडलं, मी गप्प राहिलो. पुढे मंडळीत जाणंच बंद केलं. त्याला सहा वर्षं झाली. गेलं वर्षभर देवाकडे परतायची धडपड चालू आहे. रोज रात्री रडून क्षमा मागतो, उपास करतो, पण मनाला शांती नाही. ११ महिने सट्टा बंद होता. गेल्या महिन्यात एका रात्री पुन्हा खेळलो. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा ६वा अध्याय वाचल्यापासून (श्रद्धेपासून ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तो म्हणतो) वाटतं, माझ्यासाठी आता दार बंद झालं. पत्नीला सट्ट्याचं ठाऊक आहे, संघाच्या पैशांचं नाही. देवाने क्षमा केली असेल, तर माणसांना सांगायलाच हवं का? – एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही सगळ्यात घाईने उरकलंय. संशय सचिवांवर गेला आणि तुम्ही गप्प राहिलात. रडण्याबद्दल, उपासाबद्दल, भीतीबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत. त्या गृहस्थांबद्दल दोन ओळी. ते आज कुठे आहेत, मंडळीत येतात का, त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं, याचा उल्लेखही नाही. शांती का मिळत नाही, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. जे देव द्यायला कधीचा तयार आहे ते तुम्ही रोज मागताय, आणि जे फक्त तुम्हीच करू शकता ते सहा वर्षं पडून आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : हो, सांगायला हवं. पण कुणाला, कोणत्या क्रमाने आणि किती, हे नीट ठरवून. चुकीच्या पद्धतीने केलेली कबुली दुसऱ्याला नव्याने जखमी करते.

आधी एक गैरसमज दूर करू. येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन प्रकारचं दुःख सांगितलंय. एक देवाच्या इच्छेप्रमाणे होणारं, जे पश्चात्तापाकडे नेतं. दुसरं जगाचं, जे मरणाकडे नेतं. दोन्हींत डोळे ओलेच होतात, त्यामुळे अश्रूंवरून फरक कळत नाही. फरक पुढच्याच वचनात आहे. करिंथकरांच्या दुःखातून कळकळ निघाली, दोष धुऊन काढण्याची धडपड निघाली, अन्यायाची चीड निघाली. म्हणजे त्यांचं दुःख पायांना चालायला लावणारं होतं. शौल राजाचं उदाहरण घ्या. १ शमुवेल १५ मध्ये देवाची आज्ञा मोडल्यावर तो शमुवेल संदेष्ट्याला ‘मी पाप केलं आहे’ असं दोनदा म्हणतो. दुसऱ्यांदा लगेच जोडतो की, तरी माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राख. शब्द बरोबर, जीव मात्र अब्रूत अडकलेला. ‘देवाला सांगितलंय, आता माणसांना कशाला’ या विचारात शौल किती आणि पश्चात्ताप किती, हे तुमचं तुम्हीच तपासा.

काही जण इथे स्तोत्र ५१ पुढे करतात. दावीद राजा देवाला म्हणतो ना, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं? म्हणतो. पण ज्याची बायको त्याने घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं, तो उरीया तोवर मेलेला होता. त्याच्यापुढे जाऊन काही कबूल करण्याची वाटच उरली नव्हती. नाथान संदेष्ट्याने पापावर बोट ठेवल्यावर दावीद त्याच्यासमोर उघडपणे ‘मी पाप केलं’ म्हणाला. तुमचे सचिव हयात नाहीत, असं तर पत्रात कुठे नाही.

आता देवाशी जे बोलायचं ते. होशेय १४ मध्ये इस्राएलाला सांगितलंय की शब्द घेऊन परमेश्वराकडे परत या. तुम्हीही तसेच शब्द घेऊन जा. एक कागद घ्या आणि नाव, तारीख, आकडा घालून लिहा. ‘प्रभू, माझ्याकडून चुका झाल्या’ हे कबुलीचं वाक्य नाही. ते कुणालाही, कशालाही लागू पडतं. ‘संघाच्या खात्यातून मी अमुक महिन्यात अमुक रक्कम काढली, खर्चाच्या वहीत खोटी नोंद केली, सचिवांकडे बोट दाखवलं जात असताना मी त्यांच्या शेजारी बसून होतो आणि बोललो नाही’ ही कबुली. चोरी, खोटी नोंद आणि मौन ही तीन निरनिराळी पापं आहेत. तिघांना एकाच ‘चुकी’त गुंडाळलं, की तिसरं हमखास निसटतं. तुमच्या बाबतीत निसटलंच आहे.

हे एकदा करायचं. मनापासून, शक्य तर गुडघे टेकून, पण एकदाच. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) वचन आहे की आपण पाप कबूल केलं तर देव क्षमा करण्यास विश्वासू व न्यायी आहे. त्या वचनात ‘पुरेसं रडल्यावर’ अशी अट नाही. त्याच पापाची तीनशे रात्री क्षमा मागणं वरवर नम्रता दिसते. खरं तर त्यात देवाचं बोलणं खरं न मानणं आहे. म्हणून आजपासून रात्रीच्या प्रार्थनेला दहा मिनिटांची मर्यादा घाला. त्यात त्या दिवसाचाच हिशेब : आज काय खोटं बोललो, कुणाला दुखावलं, काय टाळलं. जुनी आठवण वर आली आणि तिच्यात नवं काही नसेल, तर क्षमा मागू नका. ‘प्रभू, याची क्षमा तू केली आहेस, तुझे आभार’ एवढं म्हणून उठा. सुरुवातीला हे खोटंखोटं वाटेल. वाटू द्या. स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर पुरातन काळापासून पश्चात्तापाची म्हणून म्हटली जाणारी सात स्तोत्रं आहेत : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. रोज एक, मोठ्याने वाचायचं. आठवड्यात एक फेरी होते. उपासाबद्दल म्हणाल, तर यशया ५८ वाचून मगच पुढचा उपास धरा. दुसऱ्याच्या मानेवर जू तसंच ठेवून केलेल्या उपासाबद्दल तिथे देव काय म्हणतो, ते पाहा.

मग माणसं. इथे मोजमाप एकच : जितक्यांपर्यंत झळ पोचली, तितक्यांपर्यंत कबुली. त्याहून कमी ठेवली तर ती लपवाछपवी, आणि त्याहून जास्त पसरवली तर तमाशा. पुष्कळ लोक एकदम भर उपासनेत उभं राहून सगळं ओकून टाकायचा विचार करतात. तो टाळा. त्यात बोलणाऱ्याचं मन हलकं होतं, पण ऐकणाऱ्या पत्नीला आणि सचिवांना त्याच क्षणी, शंभर डोळ्यांसमोर, हे पहिल्यांदा कळतं.

सुरुवात पत्नीपासून. पैसे घरातून जाणार, नावही घराचं जाणार. तिला बाहेरून कळता कामा नये. मुलं झोपल्यावर, भांडण नसलेल्या दिवशी, तो कागद समोर ठेवून सांगा. इथे लोक एक चूक नेमाने करतात : निम्मं सांगतात. आज ६८,०००, मग महिन्याने मित्राकडून उसने घेतलेले, मग क्रेडिट कार्डाचे. प्रत्येक हप्त्याला विश्वास नव्याने मोडतो, आणि शेवटच्या हप्त्यानंतरही तिला वाटत राहतं की अजून काहीतरी असणार. असतील नसतील ती सगळी देणी एकाच बैठकीत सांगा. गेल्या महिन्यातली ती रात्रसुद्धा. त्यानंतर तिला लागेल तितका वेळ रागवू द्या. ‘देवाने क्षमा केली, तू का करत नाहीस’ हे वाक्य तोंडातून कधीही काढायचं नाही.

दुसरी भेट पाळकांची (मंडळीच्या धर्मगुरूंची). त्यांना कागद दाखवा आणि पुढच्या भेटींत सोबत यायला सांगा. तुम्ही मूळच्या मंडळीत सहा वर्षं गेलेला नाहीत, पाळक बदलले असतील, तरी जा; हिशेब त्या मंडळीचा आहे. (कॅथलिक वाचकांसाठी एक खुलासा : पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरू कोणत्याही कारणाने उघड करू शकत नाहीत, ते बंधन संपूर्ण आहे. पण संस्कारात क्षमा मिळाली म्हणून चोरलेलं परत करण्याची जबाबदारी सुटत नाही. कॅथलिक शिकवणही भरपाई मागतेच.) पाळकांशी बोलायच्या आधी गुप्ततेबद्दल स्पष्ट विचारून घ्या. संस्थेच्या पैशांचा अपहार हा कायद्याने गुन्हा असू शकतो, म्हणून लेखी निवेदनावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलात तर त्यात अविश्वास नाही. मात्र वकिलाची तारीख मिळत नाही म्हणून आणखी सहा महिने, असं होऊ देऊ नका.

तिसरी भेट सचिवांची, आणि ही सगळ्यात अवघड. संघाच्या कमिटीच्या आधी त्यांना भेटायचं, कारण सगळ्यात जास्त गमावलं त्यांनी. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. वेळ मागून घरी जा, शक्यतो पाळकांसोबत. बोलणं छोटं ठेवा. साधारण असं : “काका, संघाचे ६८,००० मी घेतले होते. तुमच्यावर आळ आला तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. तुमचं नाव मी खराब होऊ दिलं. मी कमिटीपुढे हे सांगणार आहे आणि पैसे परत करणार आहे. मला क्षमा करा.” इथे थांबायचं. सट्ट्याची सवय, त्या वेळचा ताण, घरची परिस्थिती, यातलं काही त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. न विचारता सांगितलेलं कारण सबबीसारखं ऐकू येतं. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ हा ‘तर’ टाळा. वाईट वाटलंच आहे. ‘पण’ने सुरू होणारं वाक्यही नको.

ते रागावतील, रडतील, कदाचित दार लावून घेतील. त्याच बैठकीत क्षमा मिळावी अशी अपेक्षा ठेवू नका आणि उत्तरासाठी त्यांच्याकडे बघत बसू नका. त्यांना तुम्ही सहा वर्षांचं ओझं दिलंत. ते उतरवायला त्यांना सहा मिनिटं द्यायची, हा अन्याय होईल. निघण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा : तुमचं नाव स्वच्छ करायला मंडळीत जाहीर सांगितलेलं तुम्हाला चालेल का? काहींना ते हवं असतं, काहींना जुना विषय पुन्हा उकरलेला नको असतो. हा निर्णय त्यांचा. जाहीर करायचं ठरलं तर दोन वाक्यं पुरतात : सचिवांचा त्या तुटीशी काहीही संबंध नव्हता, तेव्हाच्या खजिनदाराने जबाबदारी मान्य केली असून रक्कम परत केली जात आहे. सट्ट्याचा तपशील मंडळीला कळण्याची गरज नाही.

पैशांचं गणित. लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये नियम आहे : घेतलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. तुमच्या बाबतीत ६८,००० वर १३,६००, म्हणजे ८१,६००. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं (लूक १९), पण ते त्याच्या मनाचं औदार्य होतं. निर्गम २२ मध्ये चौपट भरपाई आहे ती चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी. पाचवा हिस्सा आज ख्रिस्ती माणसावर कायदा म्हणून बंधनकारक नाही, पण सहा वर्षं संघ त्या पैशाविना राहिला हे लक्षात घेता माप म्हणून रास्त आहे. एकरकमी जमत नसेल तर १२ महिन्यांत ६,८०० च्या हप्त्याने रक्कम बरोबर फिटते. आकडा नक्की आठवत नसेल तिथे जुनं पासबुक काढा. तरीही शंका राहिली तर वरचा आकडा धरा. परतफेडीसाठी नवीन कर्ज काढू नका. सट्टा खेळलेल्या माणसाच्या हातात कर्जाची मोठी रक्कम एकदम येणं धोक्याचं असतं, हेतू कितीही चांगला असो.

निनावी पाकिटात पैसे घालून दानपेटीत टाकायचा विचार मनात येऊन गेला असेल. पुष्कळांच्या येतो. त्याने खातं भरतं, पण सचिवांवरचा डाग तसाच राहतो. उलट कुणी म्हणेल, बघा, त्यांनीच गुपचूप परत केले.

आणि जक्कयाच्या गोष्टीतला क्रम विसरू नका. येशू आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. पैशांचं बोलणं त्यानंतर झालं. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. शेवटचा हप्ता जाईपर्यंत देव तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं ठेवणार नाही. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने बापाकडे परत निघण्यापूर्वी जे बोलायचं घोकलं होतं ते लूक १५ मध्ये १८ आणि १९ या वचनांत आहे, आणि बापापुढे प्रत्यक्षात जे बोलला ते २१मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ‘मला एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा’ हे घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. त्याआधी बापाने झगा मागवलेला असतो. तुम्ही वर्षभर त्या तिसऱ्या वाक्याचीच प्रार्थना करताय.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती गंभीर आहे. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याने त्याबद्दल मिळालेली चांदीची ३० नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचंही याजकांपुढे कबूल केलं. कबुली झाली, परतफेड झाली. पण तो ना येशूकडे वळला, ना बाकीच्या शिष्यांकडे. एकटाच निघून गेला आणि जीव दिला. पेत्र येशूला तीनदा नाकारूनही बाकीच्या दहा शिष्यांत टिकून राहिला, आणि म्हणूनच पुढे किनाऱ्यावर येशू त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असं तीनदा विचारू शकला. सट्टा, कर्ज आणि लाज एकत्र आली की ‘आपण नसलेलंच बरं’ असे विचार येऊ शकतात. तसं काही मनात येत असेल, तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पत्नीला, पाळकांना किंवा डॉक्टरांना सांगा.

गेल्या महिन्यातल्या रात्रीबद्दल. तिने ११ महिने पुसले जात नाहीत. सात वेळा येऊन ‘पश्चात्ताप झाला’ म्हणणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करा असं येशूने आपल्याला सांगितलं (लूक १७:४). स्वतः तो त्याहून कमी करणार नाही. पण ती रात्र नीट तपासायला हवी. खेळण्याआधीचे तीन तास कागदावर मांडा : किती वाजले होते, कुठे होतात, एकटे होतात का, पगार झाला होता का, कुणाशी वाजलं होतं का, पहिला विचार कशावरून आला. बहुतेक वेळा पाप रात्री अकराला होतं, पण दार आठ वाजताच उघडलेलं असतं. अडसर तिथे घालायचा. ॲप नुसतं काढून चालत नाही, खातं कायमचं बंद करून घ्या. पगाराच्या खात्याचा व्यवहार काही काळ पत्नीच्या हाती द्या. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर. आणि एक विश्वासू माणूस ठरवा, ज्याला घसरल्यापासून २४ तासांच्या आत सांगायचंच. याकोबाच्या पत्रातलं (५:१६) ‘एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा’ हे काम त्या माणसाकडे नेमून दिल्यासारखंच समजा. एवढं करूनही ओढ आवरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला विकार आहे. त्यावर उपचार घेणं म्हणजे प्रार्थनेत कमी पडणं नव्हे.

राहिला इब्री ६. ते वचन कठोर आहे, त्याला मऊ करायचं कारण नाही. पण ते ख्रिस्ताला जाणूनबुजून झिडकारून, उघड अपमान करून निघून गेलेल्यांबद्दल आहे, आणि लेखक लगेच ९व्या वचनात वाचकांना म्हणतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगली आहे. रोमन सम्राट डेसियसच्या छळात, इ.स. २५० च्या सुमारास, अनेक ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवायला देवतांना धूप वाहिला. त्यांना परत घ्यायचंच नाही, असं रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूचं म्हणणं. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कर्नेलियस यांनी ते मानलं नाही. पश्चात्तापानंतर परतीची वाट खुली ठेवली. ३२५ साली निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर कसलीही जबरदस्ती नसताना श्रद्धा सोडलेल्यांसाठीसुद्धा नियम केला (नियम ११) : ३ वर्षं फक्त ऐकणाऱ्यांत, ७ वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत, २ वर्षं प्रभुभोजनाविना (भाकर-द्राक्षारसाच्या विधीविना) प्रार्थनेत. बारा वर्षं. कडक, पण शेवटी दार होतंच. आणि ज्याच्या मनात परतायची तळमळ आहे, तो झिडकारणारा नव्हे. अक्षम्य पापाचंही तेच : मार्क ३:३० मध्ये कारण दिलंय, येशूला विरोध करणारे शास्त्री पवित्र आत्म्याच्या कामाला अशुद्ध आत्म्याचं काम म्हणत होते. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

प्रभुभोजनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या रविवारी प्रश्न येईल. मत्तय ५:२३-२४ सांगतं, आधी भावाशी समेट कर, मग अर्पण घेऊन ये. सचिवांची भेट होईपर्यंत मागे बसा, आणि ते पाळकांना सांगून करा. भेट झाल्यावर मात्र, सचिवांनी क्षमा केली असो वा नसो, पाळकांची संमती असेल तर पुढे या. समेटाचं तुमच्या हातातलं तुम्ही केलेलं असेल. तोवर पहिला हप्ताही भरून टाका. पावती घेताना तिच्यावर ‘देणगी’ लिहू देऊ नका. ‘निधीची परतफेड’ असं लिहून घ्या आणि तिची एक प्रत सचिवांना पोचती करा.